वरची नळी

त्या वर्षी आमच्या गावात, ब्रेझोवमध्ये, सगळ्यांचा मका कापून झाला, कुट्टी खड्ड्यात दाबून मुरघास झाकलाही गेला, तरी हांद्री कोक्लाचा तुकडा माळाच्या कडेला उभाच होता. त्याला कापायची परवानगी नव्हती.

वसंतात पाइनच्या रानात डुकरांच्या साथीच्या तापाने मेलेलं एक रानडुक्कर सापडलं, आणि उन्हाळा संपायच्या आत सरकारने रानाभोवती, माशांच्या तळ्यांभोवती, आमच्या गावाभोवती तारेचं कुंपण ओढलं. आतलं डुक्कर बाहेर जायचं नाही, बाहेरचं आत यायचं नाही. आत कोंडली गेली ती सगळी मारायची, म्हणजे ताप तिथंच संपेल, असं ठरलं. पाळलेल्या डुकरांचं त्याआधीच ठरून गेलं होतं. पांढरे झगे घातलेली माणसं एका सकाळी आली आणि हांद्रीच्या गोठ्यातली सगळी डुकरं, गाभण माद्यांसकट, गाडीत चढवून घेऊन गेली. त्यातलं एकही आजारी नव्हतं. हांद्रीचा म्हातारा बाप मिकलाउश त्यानंतरही कित्येक दिवस रोज सकाळी नळी धरून रिकामा गोठा धूत राहिला. सुनेने, वोर्शुलाने, त्याला एकदा विचारलं, मामंजी, आता कुणासाठी? तो म्हणाला, पाणी आहे म्हणून.

उरला मका. तो डुकरांसाठीच पेरलेला, पण आता वोर्शुलाच्या धाकट्या भावाच्या, बेनोच्या गाईंना द्यायचं ठरलं होतं. बेनोचं घर गावाच्या चर्चकडच्या टोकाला, गोठा मोठा, मुलगा पश्चिमेकडे कारखान्यात गेलेला. कुंपणात अडकलेल्या रानडुकरांना खायला दुसरं काही राहिलं नव्हतं, तेव्हा ती सगळी हांद्रीच्या मक्यात येऊन राहिली. रस्त्यावरून बघितलं तर पीक धड दिसे. आत शिरलं की मध्ये खळ्यासारखी मोकळी जागा, ताटं लोळवलेली, कणसं चघळून टाकलेली, आणि डुकरांचा आंबूस वास. बेनो दर रविवारी येऊन बघून जाई आणि म्हणे, दाजी, माझ्या गाईंना काही ठेवा.

ऑक्टोबरात परवानगी आली. अट अशी की मका कापताना चारी बाजूंना शिकारी उभे पाहिजेत आणि बाहेर पडलेलं एकही डुक्कर जिवंत परत जाता कामा नये.

हांद्रीकडे बापाची बंदूक होती. वर छऱ्याची नळी, खाली रायफलीची. पुढचा चाप ओढला की खालची उडे, मागचा ओढला की वरची. मिकलाउशच्या तरुणपणी बंदूक कुणाच्या घरात नसे. ती सरकारी, शिकारीला जाताना सही करून घ्यायची, येऊन परत द्यायची. रायफली मोजक्याच, त्या मोठ्या साहेबांना. बाकीच्यांनी छऱ्याच्या बंदुकीत शिशाचा सबंध गोळा घालून डुकरं मारली. म्हाताऱ्याचा त्या गोळ्यावर फार विश्वास. राजवट जाऊन दिवस पालटल्यावर त्याने स्वतःची बंदूक घेतली ती मुद्दाम अशी, दोन्ही नळ्यांची. तो म्हणे, लांबच्याला खालची आणि अंगावर आलेल्याला वरची.

पण वरच्या नळीतून गोळा मारणं सोपं नव्हतं. अशा बंदुकीचा नेम बनवणारा जुळवतो तो रायफलीच्या गोळीसाठी, गोळा आपल्या वाटेने जातो. कापणीच्या आधीच्या आठवड्यात हांद्री आणि वोर्शुला जुन्या वाळूच्या खाणीत गेले. तिने फळीवर कागद चिकटवायचा, बाजूला व्हायचं, त्याने मारायचं. नळीचं तोंड थोडं आवळलेलं असतं. गोळ्याच्या अंगावर तिरक्या कडा असतात, त्या दबून तो तिथून निसटतो, आणि प्रत्येक कंपनीचा गोळा निराळा निसटतो. एक उजवीकडे गेला, दुसरा कागदावर लागलाच नाही. तिसऱ्या पेटीतले मात्र एका जागी पडले, गोळीच्या भोकापासून वीतभर खाली, जरासे डावीकडे. हांद्रीने दुर्बीण काढून ठेवली आणि नळीच्या टोकावरच्या उघड्या माशीवर नेम धरायचं पाठ केलं. बंदूक हलकी, गोळा जड. घरी आल्यावर वोर्शुलाने त्याचा खांदा बघितला तर वांग्यासारखा काळानिळा. तिने मलम लावलं. एवढं कशाला, असं ती म्हणाली. त्याने गोठ्याच्या दिशेने बघितलं. गाडी डुकरं घेऊन गेल्यापासून त्याच्या मनात रानडुकरांविषयी जे साठलं होतं, ते तिला ठाऊक होतं.

कापणीच्या दिवशी सकाळी धुकं होतं. शिकारीचा प्रमुख वीचास मास्तर. गावच्या शाळेतून निवृत्त झालेला, आमच्यातल्या निम्म्यांना त्याने शिकवलेलं, त्यामुळे सगळे अजून त्याच्यापुढे सरळ उभे राहत. त्याने नियम सांगितले. मचाणावरूनच मारायचं. मक्याकडे पाठ करून, बाहेरच्या बाजूलाच मारायचं. मचाणावरून कुणी उतरायचं नाही आणि कुट्टीयंत्रावरूनही कुणी उतरायचं नाही, शिंग वाजेपर्यंत. बेनो यंत्रावर बसला होता. तो हसून म्हणाला, मास्तर, लघवीला झाली तर? मास्तर म्हणाला, तर तिथेच.

हांद्रीच्या वाट्याला माळाकडचं मचाण आलं, बुटकं, एका पायात डुगडुगणारं. यंत्र फिरू लागलं, मका पट्टीपट्टीने खाली बसू लागला. दुसऱ्या बाजूने बार झाले. त्याच्या बाजूला बराच वेळ काही नाही. शेवटी उभी पट्टी इतकी अरुंद झाली की तिच्यातून पलीकडचं धुकं दिसायला लागलं, आणि तेव्हा एक मोठी डुकरीण पिल्लं मागे घेऊन बाहेर आली. हांद्रीने खालची नळी उडवली. गोळी मागे लागली. डुकरीण बसली, फिरली, मागचा भाग ओढत परत मक्याकडे निघाली. मचाण डुगडुगत होतं, नेम बसेना. तो खाली उतरला. उतरलो हे त्याला नंतर कळलं, असं तो सांगे. जमिनीवर उभा राहून त्याने मागचा चाप ओढला. नळी आता खाली जमिनीकडे नव्हती, आडवी होती, आणि समोर मका होता.

डुकरीण पट्टीत शिरली. गोळा तिच्या पाठीवरून गेला होता. यंत्राचा आवाज केव्हाच थांबला होता, आणि त्या शांततेत मक्यातून कुणीतरी हळू, जवळजवळ बोलल्यासारखं, आई गं म्हणालं.

बेनो यंत्राच्या तोंडापाशी बसला होता. ताटं अडकली म्हणून यंत्र बंद करून तो ती ओढायला खाली उतरला होता. गोळा दगडावर उसळून त्याच्या पोटरीतून गेला होता. पोटरीचा लचका तुटून विजारीच्या चिंधीत लोंबत होता आणि आत पांढरं काहीतरी दिसत होतं. हांद्रीने बंदूक टाकली. पट्टा काढून तो गुडघ्याखाली आवळू लागला. तेवढ्यात वोर्शुला धावत आली. ती बांधावर ट्रॅक्टर घेऊन थांबली होती. तिने डोक्याचा रुमाल सोडून भावाचा पाय बांधला.

बेनोचं तोंड पिठासारखं झालं होतं, पण डोकं जागेवर होतं. त्याने आधी बंदुकीकडे बघितलं, मग मेहुण्याकडे.

"दाजी, यंत्राने केलं म्हणायचं," तो म्हणाला. "लोखंडाचा तुकडा उडाला. कळलं? नाहीतर तुमचं सगळं जाईल."

हांद्री काही बोलायच्या आत वोर्शुला हो म्हणाली. त्या घडीला बेनोच्या मनात वाईट काही नव्हतं. बहिणीचा नवरा, एवढंच होतं. आणि आपणही उतरायला नको होतं, हेही असेल.

दवाखान्यातल्या डॉक्टरने दोनदा विचारलं, कसला तुकडा? बेनोने दोन्ही वेळा तेच सांगितलं. डुकरीण दुसऱ्या दिवशी वीचास मास्तरच्या कुत्रीने हुडकून दिली, तळ्याकाठच्या लव्हाळ्यात मेलेली. तिच्या अंगात एकच भोक होतं. मास्तरने ते बघितलं आणि म्हणाला, हांद्री, तुझ्याकडून दोन आवाज आले. हांद्री म्हणाला, दुसरा जमिनीत गेला. मास्तरने कापलेल्या शेताकडे नजर फिरवली आणि म्हणाला, बरं. मग त्यांनी डुकरीण प्लास्टिकमध्ये गुंडाळून, बूट औषधाच्या पाण्यात बुडवून, ओढत नेली. तिचा एक तुकडाही खायला परवानगी नव्हती.

अपघाताच्या दुसऱ्याच पहाटे हांद्री बेनोच्या गोठ्यात गेला होता. कुणी बोलावलं नव्हतं. बेनो दवाखान्यात, त्याची बायको त्रुडला एकटी, तिच्याने एवढ्या गाई होईनात. त्याने सड पुसले, दूधयंत्राचे पेले लावले, शेण ओढलं, मुरघास टाकला. त्रुडलाने त्याला कॉफी दिली, पावावर लोणी जाड लावून दिलं, आणि रडली. तिला खरं ठाऊक नव्हतं. तू नसतास तर काय झालं असतं, असं ती म्हणाली, आणि हांद्रीने पाव खाली ठेवला.

बेनो कुबड्या घेऊन घरी आला. हाड जुळलं, पण पोटरीचा स्नायू गेला होता तो गेलाच. पाय आहे असाच राहील, असं दवाखान्यातून सांगून सोडलं होतं. विम्याकडून त्याला पायाचे पैसे मिळू लागले, यंत्राच्या अपघाताचे म्हणून. गोठ्यात त्याने एक स्टूल ठेवून घेतलं. त्यावर बसून तो हांद्रीला सांगे, तिला आधी घ्या, ती दोन नंबरची लाथ मारते. पहिल्या दिवसांत तो मध्येच म्हणे, दाजी, दमलात, बसा जरा. हांद्री बसत नसे.

मग सरपण फोडायचं आलं. मुरघासावर वजनाला ठेवलेले टायर सरकवायचे आले. छपराची एक बाजू उचलायची आली. एका रविवारी तळ्याचं पाणी सोडून मासे धरायचे होते, गावच्या दोन्ही टोकांचे लोक तिथे जमतात, बिअर असते, तळलेला मासा असतो. बेनोने त्याच दिवशी गोठ्याची नाली काढायला सांगितली. हांद्री गुडघाभर घाणीत उभा राहून फावडं मारत होता आणि तळ्याकडून हसण्याचे आवाज येत होते. फावडं एका ठिकाणी अडलं. बेनो स्टुलावरून म्हणाला, "जोर लाव की. तुझे हात तर धड आहेत ना?"

हांद्री थांबला. लग्नाला इतकी वर्षं झाली, बेनोने त्याला अरे-तुरे कधी केलं नव्हतं. बेनोच्याही ते लक्षात आलं असावं, कारण तो कुबडीची रबरी टोपी बसवत राहिला. पण दुसऱ्या दिवसापासून तो अरे-तुरेवरच राहिला.

घरी उकडलेले बटाटे, चक्का आणि जवसाचं तेल ताटात असे. हांद्री खाता खाता झोपे. मिकलाउश मुलाकडे बघे, मग सुनेकडे. म्हाताऱ्याला कुणी काही सांगितलं नव्हतं आणि त्याने विचारलंही नाही. फक्त एकदा म्हणाला की बंदुकीला तेल दिलेलं दिसत नाही. हांद्री आता गरजेशिवाय बंदुकीचं कपाट उघडतच नसे.

नाताळात गावच्या खानावळीत सगळे जमले होते. वीचास मास्तर हिशेब सांगत होता, कुंपणात अजून किती डुकरं असतील. कुणीतरी म्हणालं, हांद्रीला लावा कामाला, त्याचा मका गेलाय. बेनो टेबलाच्या टोकाला पाय लांब करून बसला होता.

"आमच्या दाजींसारखा नेम गावात कुणाचा नाही," तो म्हणाला. "एकदा चाप ओढला की काही ना काही पडतंच."

सगळे हसले, त्यांना थट्टा वाटली. हांद्रीही हसला. वोर्शुला हसली नाही. तिने भावाकडे असं बघितलं की त्याने पेला तोंडाला लावून मान फिरवली. घरी येताना ती नवऱ्याला म्हणाली, तो प्यालेला होता. हांद्री म्हणाला, नव्हता.

शिकारीला नाही म्हणण्याची सोय नव्हती. हुकूमच होता, ज्याच्याकडे शिकारीचा हक्क त्याने डुकरं मारली पाहिजेत, नाहीतर कारण द्यायचं. कारण काय देणार? मास्तरचा निरोप आला की हांद्री बंदूक घेऊन जाई. गावात कुणाला माहीत नव्हतं, पण मक्याच्या दिवसानंतर त्याने वरच्या नळीत काही घातलं नव्हतं. खिशात गोळे ठेवतच नसे. फक्त खालची गोळी.

जानेवारीत एकदा पडलेल्या पावसाची रात्रीतून बर्फाची काच झाली. सकाळच्या शिकारीत पलीकडच्या गावच्या माणसाने एक नर जखमी करून सोडला. मास्तर आपल्या कुत्रीला, त्सीलाला, घेऊन मागावर निघाला आणि हांद्रीला बरोबर घेतलं. रक्त थेंबाथेंबाने पांढऱ्या गवतावर होतं. ते काटेरी झुडपांच्या जाळीपाशी गेलं. त्सीला आत शिरली, आणि लगेच आतून भुंकणं आणि दात आपटण्याचा खडखडाट एकदम सुरू झाला. मास्तरची बंदूक पाठीवर होती, तो काट्यात अडकला. हांद्री पुढे झाला. नर जाळीच्या मोकळ्या बाजूला आला. हांद्रीने खालची उडवली. नर हलला, पडला नाही, त्याने डोकं खाली घातलं आणि कुत्रीवर गेला. हात आपल्या सवयीने मागच्या चापावर गेला. खट असा आवाज झाला. दुसरं काही झालं नाही.

"वरचा मार," मास्तर मागून म्हणाला. "हांद्री, वरचा."

हांद्रीने बंदूक बिजागरीतून मोडून उघडली, थंडीने आखडलेल्या बोटांनी खिशातून गोळी काढली, ती गवतात पडली, दुसरी काढली. तोवर नराने त्सीलाला दोनदा उचलून आपटलं होतं. मग हांद्रीने नराला मारलं. कुत्री पोट फाटून पडली होती. मास्तरने आपला कोट काढून तिला त्यात घेतलं आणि ते गाडीकडे चालत गेले. गाडीपर्यंत ती जिवंत होती.

मास्तर सीटवर बसला, कुत्री मांडीवर, दार उघडं. त्याने विचारलं, वरच्या नळीत काही नव्हतं का? हांद्री म्हणाला, नव्हतं. कधीपासून? हांद्री म्हणाला, मक्यापासून. मास्तर कुत्रीच्या कानावरून हात फिरवत राहिला.

"पुढचं मला सांगू नकोस. सांगितलंस तर मला लिहून द्यावं लागेल."

हांद्रीने कुदळ मागून घेतली आणि गोठलेल्या जमिनीत खड्डा खणला. मास्तरने त्याला थांबवलं नाही. त्यानंतर मास्तर रस्त्यात भेटला की पूर्वीपेक्षा जास्त अदबीने नमस्कार करी. हांद्री समोरून तो दिसला तर गल्ली बदलू लागला. गाव लहान, गल्ल्या किती असणार. गावाबाहेर जावं तर कुंपण, फाटक, चाकांवर औषधाचा फवारा, कुठे चाललात, परत कधी.

फेब्रुवारीत वोर्शुला एकटी भावाकडे गेली. त्रुडला अंडी द्यायला शेजारी गेलेली बघून ती गोठ्यात शिरली. बेनो स्टुलावर होता. तिने सरळ सांगितलं, आता पुरे कर.

"मी काय धरून ठेवलंय त्याला?" बेनो म्हणाला. "फाटक उघडंच असतं."

"मग त्याला सांग, उद्यापासून येऊ नको म्हणून. तुझ्या तोंडाने सांग."

बेनोने कुबडीने पेंढा इकडचा तिकडे केला. मग तो वेगळ्याच आवाजात बोलला. "ताई, तो आला नाही तर पहाटे उठून मी काय करू ते तरी सांग. या पायावर मला गाईखाली बसता येत नाही. बसलो तर उठता येत नाही. पोरगा फोनवर म्हणतो, विकून टाका." तो थांबला. "मला काय आवडतं का त्याच्याशी असं बोलायला? तो समोर दिसला की पाय ठणकतो. मग जिभेवर येतं ते येतं."

वोर्शुला तशीच उभी राहिली. भांडायला आली होती आणि आता भांडायला समोर कुणी नव्हतं. तिने एका गाईचं दावं सैल झालं होतं ते आवळलं आणि घरी आली.

हांद्रीला तिने सगळं जसंच्या तसं सांगितलं. तो चुलीपाशी बूट वाळवत बसला होता. ऐकून म्हणाला, मग मी काय करायचं? ती म्हणाली, शहरात जा आणि सांग. त्याने विचारलं, बेनोसाठी?

"बेनोसाठी नको, मास्तरांसाठी नको," ती म्हणाली. "रोज पहाटे तू दार लावतोस, तो आवाज मला आता ऐकवत नाही."

कोपऱ्यात मिकलाउश होता. तो उठला, कपाटातून बंदूक काढली आणि टेबलावर फडकं पसरलं. गज घालून त्याने आधी खालची नळी पुसली, मग वरची. वरच्या नळीतून दिव्याकडे डोळा लावून बघितलं. तो म्हणाला की परत करताना बंदूक साफ करून द्यायची असते. मुलाकडे बघितलं नाही. एवढ्यावरून हांद्रीला कळलं की म्हाताऱ्याला पहिल्यापासून माहीत होतं.

शहरात बंदुकांच्या परवान्याच्या कचेरीत एक तरुण बाई होती. तिने आधी ऐकून घेतलं, मग थांबवलं आणि पोलिसांना बोलावलं. हांद्रीने परत पहिल्यापासून सांगितलं. मचाणावरून उतरलो, मक्याकडे मारलं. पोलिसाने विचारलं, जखमी माणूस यंत्रावर होता का? हांद्रीला क्षणभर वाटलं, हो म्हणावं. मग म्हणाला, नाही, खाली होता. बाईने विचारलं, इतके महिने का थांबलात? त्याने सही केली. बंदूक त्यांनी ठेवून घेतली, तिची रिकामी पेटी त्याला परत दिली. बसमध्ये ती मांडीवर घेऊन तो बसला होता, आणि फाटकावरच्या माणसाने ती उघडून बघायला लावली.

दोन दिवसांत पोलीस बेनोकडे जाऊन आले. संध्याकाळी बेनो ट्रॅक्टर घेऊन हांद्रीच्या अंगणात आला. उतरताना त्याला त्रास झाला. हांद्री हात द्यायला पुढे झाला तर त्याने कुबडी आडवी धरली.

तो म्हणाला, मी तुला वाचवलं आणि तू मला खोटा ठरवलंस. विमेवाले आता सगळं उकरणार. मी यंत्रावरून उतरलो तेही सांगितलंस. हांद्री म्हणाला, त्यांनी विचारलं.

"मला एकदा विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास, आणि मी ऐकलं असतं."

बेनोने त्याच्याकडे बघितलं. दारात वोर्शुला उभी होती, तिच्याकडे तो वळलाच नाही. उद्यापासून माझ्या फाटकात पाय टाकू नको, असं म्हणून तो परत वर चढला. चढायला त्याला बराच वेळ लागला आणि तेवढा वेळ हे दोघे नुसते उभे होते.

परवाना गेला. शिकारीचा हक्क गेला. कोर्टाचं बोलावणं येणार होतं. गावात दोन तट पडले. काही म्हणत, धडपणे वागला, काही म्हणत, स्वतःच्या जिवाला हलकं करण्यासाठी मेहुण्याला बुडवला. वीचास मास्तर एकदा दारावरून जाताना थांबला, काहीतरी बोलेल असं वाटलं, टोपी सारखी करून पुढे गेला.

पण हे सगळं नंतरचं. बेनो अंगणातून गेला त्याच्या दुसऱ्या पहाटे हांद्रीला नेहमीच्या वेळी जाग आली. बाहेर अंधार होता, छपरावरून बर्फाचं पाणी टपकत होतं. तो पडून राहिला. कुणी वाट बघत नव्हतं. अंग हलकं वाटायला हवं होतं. वोर्शुलाही जागी होती, तिच्या श्वासावरून कळत होतं. चर्चच्या टोकाकडून गाईंचं हंबरणं येऊ लागलं. एवढ्या लांबून ते कधी ऐकू आलं नव्हतं, कारण तोवर तो तिथे पोचलेलाच असे. दूध साठलं की त्या तशा ओरडतात. ते थांबेना.

तो उठला. वोर्शुला म्हणाली, त्याने येऊ नको म्हणून सांगितलंय. तो म्हणाला, ऐकलंय मी. बूट घातले आणि गेला.

फाटक उघडंच होतं. गोठ्यात दिवा होता. त्रुडला शेणाची गाडी ढकलत होती, त्याला बघून ती नुसती थांबली. बेनो पहिल्या गाईच्या कडेला जमिनीवर बसला होता, दुखरा पाय पुढे पसरून, हातात पेले. विजार ओली झाली होती. एकच गाय झाली होती त्याची.

"कुणी बोलावलं?" बेनोने मान वर न करता विचारलं.

"कुणी नाही."

"मग जा."

हांद्रीने खुंटीवरचं फडकं घेतलं, बादलीतल्या गरम पाण्यात पिळलं आणि दुसऱ्या टोकाच्या गाईपाशी गेला. बेनो परत जा म्हणाला. थोड्या वेळाने आणखी एकदा म्हणाला, पहिल्यापेक्षा हळू. मग दूधयंत्राचा आवाज दोन्ही टोकांनी चालू राहिला. हांद्री गाईमागून गाई करत आला. शेवटी दोघांच्या मधली एकच राहिली, आणि बेनो अजून पहिल्या दोघींच्या मध्ये खाली होता. त्याला उठता येत नव्हतं. त्याने एका हाताने खांब धरला, जोर केला, परत बसला.

हांद्री त्याच्या मागे गेला, काखेत दोन्ही हात घातले आणि त्याला उभा केला. बेनो जड होता. उभा राहिल्यावर त्याने हांद्रीचे हात झटकले नाहीत, धरलेही नाहीत. तोंड गाईकडेच ठेवून म्हणाला, "हिचा मागचा डावा सड सुजलाय. हळू पूस."

हांद्री खाली बसला. त्याला कळत होतं की आता कुणी धाक घातलेला नाही, आणि तरी तो उद्या येईल, परवा येईल, पुढच्या हिवाळ्यातही येईल. तो पाय बरा होणार नव्हता. त्याने फडकं परत गरम पाण्यात बुडवलं आणि सड पुसायला घेतला.